विदर्भात दुसऱ्यांदा जाताना: गाव तेच ठेवा, हंगाम बदला

पहिल्यांदा विदर्भ बघायला आलेला माणूस साधारण एकाच वाटेने फिरतो. नागपूरला उतरायचं, ताडोब्यात वाघ बघायचा, सेवाग्रामला बापूकुटीत घटकाभर टेकायचं, जमलं तर शेगाव नाहीतर लोणार, आणि परतीच्या दिवशी सावजीचा रस्सा खाऊन डोळे पुसत गाडीत बसायचं. यात वावगं काही नाही. पण दुसऱ्यांदा यायचं ठरलं की लोक विचारतात, "या वेळी कोणता नवा जिल्हा करू?" मी सांगतो, जिल्हा तोच राहू द्या, महिना बदला.

कारण साधं आहे. इथल्या खेड्यात प्यायला काय मिळेल आणि बघायला काय मिळेल, दोन्ही शेतीच्या कामावर ठरतं. धान कापून खळ्यावर आल्याशिवाय नाटक लागत नाही. मोह फुलल्याशिवाय जंगलातलं गाव पहाटे चारला जागं होत नाही. एप्रिल-मेमध्ये वाघ बघून गेलेल्या माणसाला पूर्वेकडच्या झाडीपट्टीचं नाटक माहीतच नसतं, आणि डिसेंबरात आलेल्याला मोहाच्या झाडाखालची पहाट. गाव तेच, पण दोघांनी पाहिलेला विदर्भ वेगळा.

हा लेख अशा दुसऱ्या खेपेसाठी आहे. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांसाठी आहेच, पण ज्यांच्या आजोळाचं गाव इकडे आहे आणि जे फक्त लग्नाला येऊन कार्यालयातून परत जातात, त्यांच्यासाठीही आहे.

आधी भाग ओळखा

विदर्भ एकसारखा नाही. पश्चिमेला वऱ्हाड: अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशिम, यवतमाळ. काळी जमीन, कापूस, तूर, ज्वारी. पूर्वेला झाडीपट्टी: भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. इथे धान, तलाव आणि जंगल. मधे नागपूर-वर्धा. वर उत्तरेला सातपुड्यात मेळघाट, तिथे कोरकू आदिवासींची वस्ती. वऱ्हाडात ताटात भाकरी येते, झाडीत भात. बोली बदलते, गाणं बदलतं, पाहुण्याच्या हातात दिलं जाणारं पहिलं भांडंही बदलतं.

मागच्या खेपेला तुम्ही कुठे होता ते आठवा. ताडोब्याला गेला असाल तर तुम्ही झाडीपट्टीच्या उंबऱ्यावरच उभे होता. ब्रह्मपुरी, नागभीड, वडसा तिथून लांब नाहीत. शेगावला गेला असाल तर वऱ्हाड तुमचं, आणि मेळघाट त्याला जोडून. एका खेपेत यातला एकच भाग घ्या. दोन्ही टोकं एका आठवड्यात गाठायला निघाल तर फक्त समृद्धी महामार्ग बघाल.

महिना कसा निवडायचा

माझी पद्धत अशी: आधी एक पेय आणि त्याच दिवसांत होणारी एक कला अशी जोडी धरायची, मग तारखा ठरवायच्या.

श्रावण अमावास्येला पोळा. बैल सजतात, तोरणाखाली उभे राहतात आणि शेतकरी एकमेकांवर झडत्या फेकतात. झडती म्हणजे चार ओळींची खणखणीत तुकबंदी. देवापासून सरकारपर्यंत कोणीही तिच्यातून सुटत नाही. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, त्यात पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरतात. सुताराने घडवलेले जुने बैल घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेले असतात. कोणाकडे असा बैल असेल तर जवळून बघा, चाकांची आणि वशिंडाची घडण गावागणिक वेगळी दिसेल. मग थोड्याच दिवसांत महालक्ष्म्या, आणि विदर्भात महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला ज्वारीची आंबील लागतेच. म्हणजे पोळा आणि आंबील ही पहिली जोडी.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई. संध्याकाळी मुली घरोघरी गाणी म्हणतात आणि शेवटी डब्यात झाकलेला खाऊ ओळखायला लावतात. कोजागिरीला चुलीवर आटवलेलं दूध. गाणी अजून तोंडपाठ असलेल्या बाया साठीच्या पुढच्या आहेत. त्यांच्यापाशी बसलात तर मुलींपेक्षा जास्त ऐकायला मिळेल.

दिवाळीपासून होळीच्या आसपासपर्यंत झाडीपट्टीत मंडई, म्हणजे गावजत्रा, आणि नाटकं. डिसेंबर-जानेवारीत वऱ्हाडात हुरडा. फेब्रुवारी-मार्चमध्ये वरुड-मोर्शीकडे मृग बहाराची संत्री तोडणीला येतात. आंबिया बहाराची त्याआधी, दिवाळीच्या आगेमागे. बागेतल्या संत्र्याचा रस आणि नागपूर स्टेशनावरचा रस यांची बरोबरी करू नका. मार्च-एप्रिल मोहाचा. अक्षय तृतीयेला चिंचवणी.

एकदम टाळावे असे महिने? जुलै-ऑगस्टमध्ये झाडीत रोवणी, म्हणजे धानाची लावणी, चालते. गावात दिवसा माणूस सापडत नाही, सगळे बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात. तुम्हाला चिखलात उतरून रोवणी करायची असेल तर या. नुसतं बघायला येणार असाल तर कामात अडथळा होऊ नका.

प्यायचं काय, आणि मागायचं कसं

सगळ्यात आधी एक गोष्ट. खेड्यातली चांगली पेयं हॉटेलच्या पाटीवर लिहिलेली नसतात. ती घरात असतात, आणि घरात बोलावलं गेल्याशिवाय मिळत नाहीत. त्यामुळे गावात गेल्यावर पहिला ग्लास पाणी नाकारू नका. बाटलीतलंच पाणी प्यायची सवय असेल तर एक घोट घ्या, हातात धरून बसा, पण "नको, आमच्याकडे आहे" म्हणू नका. पाण्यानंतर चहा येतो. जंगलाकडच्या गावांत बरेचदा कोरा, लाल चहा. दूध नाही म्हणून यजमानीण ओशाळते. "मला लालच आवडतो जी" एवढं म्हटलं की पुढचं दार उघडतं.

आता आंबील. उन्हाळ्यात दुपारी वऱ्हाडातल्या किंवा नागपूर-वर्ध्याकडच्या शेतकऱ्याच्या घरी गेलात तर ही विचारा. गोड आंबील नैवेद्याची. गूळ, खोबऱ्याचे काप घालून. रोजची आंबील आंबट-खारट. एका माजघरात आजीला कृती विचारली तर तिने पळी न थांबवता सांगितलं, "राती पीठ भिजवाचं ताकात. सकाळी आधणात सोडाचं. अन् हात थांबवाचा नाई, नाई तं गोळे होतेत." बस, एवढंच. ज्वारीचं पीठ रात्रभर ताकात आंबतं, सकाळी उकळत्या पाण्यात ते धार धरून सोडतात, मंद आचेवर घोटतात, वरून मीठ, जिरं, ठेचलेला लसूण. गार झाल्यावर आणखी ताक मिसळून पातळ करतात आणि सोबत कच्चा कांदा. घरोघरी यात फरक: कोणी पीठ जाडसर ठेवतं, कोणी कण्या घालतं. पहिल्या घोटाला आंबट वास नाकात जातो, तिथे थांबू नका. दुसऱ्या वाटीला कळतं की उन्हात राबणारा माणूस दुपारच्याला हीच का मागतो.

गडचिरोलीच्या दक्षिणेकडे, भामरागड-एटापल्लीच्या माडिया आदिवासींच्या गावांत याचीच लांबची बहीण भेटते, जावा. धान्य भरडून पातळ शिजवलेली पेज. रानात जाताना तुंब्यात भरून नेतात. वाळवलेल्या भोपळ्याचा तुंबा पाणी आणि पेज गार ठेवतो. तो तुंबा दिसला तर नीट बघा, कित्येकांवर कोरलेली नक्षी असते. कला बघायला वेगळं संग्रहालय लागत नाही ते असं.

चिंचवणी मिळवायची तर अक्षय तृतीयेच्या आगेमागेच यायला हवं. त्या दिवशी पितरांच्या नावाने घागर भरतात आणि जेवणात चिंचेचा कोळ, गूळ, वेलची घातलेली चिंचवणी असते. ती फक्त घरात होते. हॉटेलात विचारलंत तर वेटर तुम्हाला चिंचेची चटणी आणून देईल.

पन्हं आणि मठ्ठा सगळीकडे मिळतात, त्यावर वेळ घालवत नाही. चिखलदऱ्याची कॉफी मात्र सांगायला हवी. महाराष्ट्रात कॉफीची लागवड म्हटली की चिखलदऱ्याचंच नाव निघतं. सुमारे १,१०० मीटर उंचीमुळे ती तिथे जगते. बहुतेक पर्यटक पॉइंट बघतात, रबडी खातात आणि कॉफी न पिताच उतरतात, कारण बऱ्याच टपऱ्यांवर डब्यातलीच पावडर वापरतात. "इथलीच बी आहे का?" असं स्पष्ट विचारा आणि पूड विकत घेऊन स्वतः करून बघा.

मोहाबद्दल, थोडं सविस्तर

मोह म्हटलं की पाहुण्याच्या चेहऱ्यावर एक ओळखीचं हसू येतं. त्या हसण्याने काम बिघडतं. मोह हे आधी अन्न आहे, मग झाड, मग देव, आणि दारू त्यानंतर.

कायदा आधी स्पष्ट करून टाकू. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली. घरी गाळलेली दारू मात्र जिल्हा कोणताही असो, बेकायदाच. आणि कायदा बाजूला ठेवला तरी विकायला काढलेल्या हातभट्टीत काय मिसळलं आहे ते विकणाऱ्यालाही धड माहीत नसतं. अशा दारूने माणसं मेली आहेत, आंधळी झाली आहेत. तेव्हा जंगलातल्या गावात जाऊन "थोडी मिळेल का?" असं कुजबुजू नका. तुम्ही शहरात परत जाता, पोलिस गावात येतात. गडचिरोलीची दारूबंदी गावातल्या बायांच्या आणि लोकसंघटनांच्या चळवळीतून आली आहे हेही लक्षात असू द्या. तुम्ही ज्या घरात हे विचाराल, तिथली बाई कदाचित त्याच मोर्चात चालली असेल.

गोंड-माडियांच्या पूजेत आणि कार्यात मोहाच्या दारूला स्थान आहे. आधी काही थेंब जमिनीवर, पितरांसाठी. अशा प्रसंगी तुम्ही हजर असाल आणि पानाचा दोना पुढे आला तर दोन्ही हात जोडून "मले चालत नाही जी" म्हणा. कोणी वाईट वाटून घेत नाही. वाईट वाटतं ते फोटो काढण्याचं.

मग मोहाचं काय अनुभवायचं? तर पहाट. मार्चच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत फुलं रात्री उशिरा गळायला लागतात आणि उजाडेपर्यंत झाडाखाली पिवळट पांढरा सडा पडतो. घरातली सगळी, लेकरांसकट, टोपल्या घेऊन जातात. कोणतं झाड कोणाच्या घराने वेचायचं हे गावात ठरलेलं असतं, त्यामुळे रस्त्याकडेच्या झाडाखालची फुलंही उचलू नका, विचारा. कोणाबरोबर तरी जा, टोपली धरा, वाका. अर्ध्या तासात कंबर सांगेल की हे किती कामाचं आहे. ताजं फूल तोंडात टाकलं तर गच्च गोड लागतं आणि मागून उग्र वास येतो, दोन-तीन पुरे. ती फुलं अंगणात वाळत पडतात, मग तिळाबरोबर कुटून लाडू होतात, पिठात मिसळून भाकरी-पुऱ्या होतात, पूर्वी टंचाईच्या दिवसांत उकडून पोट भरायला उपयोगी पडत. बियांचं तेल निघतं. बऱ्याच ठिकाणी महिला बचत गट मोहाचे लाडू विकतात. चव घ्यायला तेच बरे, आणि पैसेही योग्य हातात जातात.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावाचा हक्क मान्य केला. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे देशात सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी, २००९ साली. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथली. गावात सगळे निर्णय ग्रामसभेत, सर्वसहमतीने होतात. बघायला जायचं असेल तर आधी कळवून, परवानगीने जा.

नाटकाची रात्र

आता झाडीपट्टी रंगभूमी. माझ्या मते विदर्भाच्या दुसऱ्या खेपेचं सगळ्यात मोठं कारण हेच, म्हणून इथे जरा जास्त रेंगाळतो.

धान निघालं की गावागावांत मंडई भरते. बलिप्रतिपदेला गायगोधन, म्हणजे गायींची पूजा, गुरं राखणाऱ्या गोवारी समाजाची ढाल (सजवलेला उंच बांबू) निघते, भाऊबीजेपासून मंडया सुरू. मंडईला लेकी-जावई, सोयरे येतात, मुली बघण्याचे कार्यक्रमही त्याच गर्दीत उरकतात. दिवसा बाजार, कुठे शंकरपट, आणि रात्री नाटक. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंद केली होती, २०२१ च्या डिसेंबरात अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा न्यायालयाने वैध ठरवला. जनावरांच्या शर्यती पटत नसतील तर पटाच्या दिवशी गावात उशिरा पोहोचा. नाटक तसंही रात्री दहाच्या पुढेच सुरू होतं.

या रंगभूमीचं केंद्र वडसा, म्हणजे देसाईगंज, जिल्हा गडचिरोली. गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावर वडसा स्टेशन आहे, त्यामुळे गाडीशिवायही पोहोचता येतं. नाट्यमंडळ्यांची कार्यालयं इथे आहेत. गावातलं मंडळ इथे येऊन प्रयोग ठरवतं, आणि हंगामात एकेक कलावंत ओळीने रात्री जागतो. याच रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली.

प्रयोग कसा शोधायचा:

वडशात उतरल्यावर चौकात आणि बसस्थानकाजवळ भिंती बघा. रंगीत पोस्टरांवर नाटकाचं नाव, कलावंत, गाव आणि तारीख असते. पोस्टरवर गावाचं नाव नीट वाचा, एकाच नावाची गावं दोन-तीन तालुक्यांत असतात. मग चहाच्या टपरीवर विचारा, "भाऊ, आज जवळ कुठं नाटक हाये?" दोन मिनिटांत चार जण चार गावं सांगतील आणि कोणतं बघायचं यावर त्यांच्यातच वाद लागेल. तो वाद ऐका. कोण चांगलं गातो, कोणाचा खलनायक जमतो, कोणाची विनोदी जोडी फॉर्मात आहे, ही खरी समीक्षा तिथेच होते.

तिकीट दारावर मिळतं. मोठ्या कलावंतांच्या प्रयोगाला पुढच्या जागा लवकर संपतात, म्हणून संध्याकाळीच गावात जाऊन मंडळाच्या पोरांना गाठा. "पाहुणे हाव" म्हटलं की जेवायलाही बोलावतील. जा. मंडईच्या दिवशी घरोघर पंगत असते.

सोबत घ्या: जाड चादर, कानटोपी, बॅटरी. झाडीतली डिसेंबरची पहाट हाडं गोठवते, आणि मंडपाला तिन्ही बाजूंनी वारा लागतो. नाटक उजाडेपर्यंत चालतं. मधे लावण्या होतात, गाणी होतात, ऑर्गन-तबल्याची साथ समोरच बसलेली असते. प्रवेश बदलायला वेळ लागला तर माईकवरून देणगीदारांची नावं वाचली जातात. शहरी प्रेक्षकाला पहिल्या तासात संवाद भडक वाटतील: सावत्र आई, सावकार, हुंडा, व्यसन, बुडालेलं घर. पण पहाटे तीनच्या सुमारास आजूबाजूला बघा. पुढच्या रांगेत म्हाताऱ्या पदराने डोळे टिपत असतात, मागे पोरं शिट्ट्या मारतात, आणि दोघांनाही एकच प्रवेश सारखाच लागू पडलेला असतो.

मधेच उठून जायचं असेल तर गाण्याच्या वेळी जा. मोबाइलवर सलग चित्रीकरण करू नका. मंडळ्यांचं पोट याच प्रयोगांवर चालतं, आणि फुकटात फिरणारी चित्रफीत पुढच्या गावातलं तिकीट खाते. विंगेत जाऊन भेटायचं असेल तर प्रयोगाआधी, रंग लावत असताना. नंतर नको. नंतर त्यांना पुढच्या गावाला निघायचं असतं.

नाटकाच्या पलीकडे दंडार आणि खडी गंमत आहेत. या लोककला जुन्या, कमी खर्चाच्या, गावातल्याच माणसांनी उभ्या केलेल्या. खडी गंमत भंडारा-नागपूरकडे जास्त. शाहीर, ढोलकी आणि बाईच्या वेशातला नाच्या. त्यांची पोस्टरं लागत नाहीत. मंडईच्या दिवशी दुपारीच गावात असाल तरच सापडतील.

कोशाचा धागा

झाडीपट्टीत असताना एक दिवस करवतकाठीसाठी, म्हणजे करवतीच्या दातांसारखा काठ असलेल्या कोसा रेशमाच्या साडीसाठी, ठेवा. रेशमाच्या अळ्या ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर उघड्यावर वाढतात. हे काम पिढ्यान्‌पिढ्या ढिवर समाजाचं, आरमोरीच्या परिसरात आजही दिसतं. पाखरं अळ्या उचलतात म्हणून दिवसभर राखण बसते. कोसे उकळून धागा काढला की तो कोष्ट्यांच्या मागावर जातो. मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव आणि चंद्रपूर जिल्ह्यातलं नागभीड ही त्यासाठी जुनी नावं.

विणकराच्या घरी गेलात तर काठाजवळ वाका आणि धोट्यांकडे बघा. साध्या साडीला एक धोटा आडवा फिरतो. इथे तीन: एक अंगाचा, दोन दोन्ही काठांचे. काठाचा बाणा (आडवा धागा) आणि अंगाचा बाणा जिथे भेटतात तिथे एकमेकांत अडकतात आणि करवतीच्या दातांची ओळ उभी राहते. म्हणून अस्सल काठाला मागून लोंबणारे धागे नसतात, दोन्ही बाजूंनी दात सारखेच स्वच्छ. खरेदी करताना पदर उलटा करून हेच तपासा. दुसरी खूण धाग्याची: कोशाचा रंग मुळात मधासारखा असतो आणि धागा किंचित गाठाळ. फार गुळगुळीत, फार चकचकीत असेल तर सावध व्हा. एखादा सुटा धागा जाळून बघायला विणकर स्वतःच देतो. जळक्या केसांचा वास आला तर रेशीम.

भाव करू नका असं मी म्हणत नाही, पण आधी मागाशेजारी तासभर बसा. तेवढ्या वेळात किती बोटं विणून होतात ते बघितलं की घासाघीस करायची इच्छा आपोआप मरते. साडी परवडत नसेल तर उपरणं किंवा कापडाचा तुकडा घ्या. नुसतं बघून चाललात तर चहाचे नाही, पण मुलांसाठी काही देऊन जा.

नागभीडला गेलातच तर भातही लक्ष देऊन खा. एचएमटी हे वाण याच तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात निवड करत तयार केलं. देशभर खाल्ला जाणारा तांदूळ एका अल्पभूधारक शेतकऱ्याच्या बांधीत सापडला.

वऱ्हाड आणि मेळघाटवाल्यांसाठी, थोडक्यात

मेळघाटात होळीला जा. कोरकूंचा तो वर्षाचा मुख्य सण, पाच दिवस चालतो. कामासाठी बाहेर गेलेली माणसं त्यासाठी परततात. फगवा मागितला जातो, तो हसून द्या, सुटे पैसे बाळगा. गादली-सुसून नाच दिसेल. जंगलातले रस्ते रात्री बंद असतात, नाक्यावर वेळा विचारूनच मुक्काम ठरवा.

अमरावती-नागपूर मार्गावर गुरुकुंज मोझरी लागतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला, आश्विन वद्य पंचमीच्या सुमारास, हजारो खंजिऱ्या तिथे जमतात. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांचं निधन झालं, आणि अजून त्या वेळेला, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, मौन श्रद्धांजली होते. तेवढी गर्दी नको असेल तर कुठल्याही वऱ्हाडी खेड्यात संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला बसा, खंजिरी तीच. वर्ध्याला मगन संग्रहालय बघा. ग्रामोद्योगाची अवजारं तिथे आहेत, आणि १९३८ मध्ये त्याचं उद्घाटन गांधीजींनी केलं होतं. सेवाग्रामला जाणारे दहातले नऊ जण तिथे जात नाहीत असं माझं निरीक्षण आहे.

गोंदियात सालेकसा तालुक्यात कचारगडला माघ पौर्णिमेला गोंडांची मोठी यात्रा भरते. ती यात्रा आहे, पर्यटनस्थळ नाही. ढोल आणि नाच बघा, गुहेपर्यंत लोकांच्या रांगेत चाला, पूजेच्या वेळी कॅमेरा पिशवीत ठेवा.

वागायचं कसं

ज्येष्ठ बाईला आजी किंवा माय, पुरुषाला काकाजी, बरोबरीच्याला भाऊ. वाक्याच्या शेवटी "जी" लावायला लाजू नका, इथे सगळेच लावतात. वऱ्हाडीची नक्कल मात्र करू नका. सिनेमातली वऱ्हाडी ऐकून आलेला पाहुणा दोन वाक्यांत ओळखू येतो.

माडिया गावात गोटुल, म्हणजे तरुणांचं एकत्र जमायचं घर, दिसला तर तो गावाचा आहे हे लक्षात ठेवा. त्याबद्दल शहरात ज्या चटकदार गोष्टी सांगितल्या जातात त्या तिथे कोणाला विचारू नका. आत जायचं तर गावच्या प्रमुखाला विचारून. नाच "करून दाखवा" असं म्हणून पैसे पुढे करू नका. त्यापेक्षा आठवडी बाजाराचा दिवस साधा. तिथे कोणी काही दाखवत नसतं, पण बुरडाच्या टोपल्या, सुपं, झाडू, चारोळी, वास्ते (बांबूचे कोंब), तलावातले मासे, आणि पावसाळ्यात रानातले टेकोडे (अळंब्या), सगळं ओळीने मांडलेलं असतं. टेकोडे स्वतः रानातून तोडून खायचं धाडस नको. बाजारातल्या बाईकडून घ्या आणि तिलाच कृती विचारा.

झाडीपट्टीचे तीन दिवस, नमुन्यादाखल

डिसेंबर किंवा जानेवारी धरा. पहिल्या दिवशी वडसा किंवा ब्रह्मपुरीला साध्या लॉजमध्ये सामान टाका, दुपारी झोप काढा, संध्याकाळी पोस्टरं वाचून गाव गाठा, रात्र नाटकात. मोठ्या हॉटेलची अपेक्षा ठेवू नका. गरम पाणी मिळतं का एवढं आधी विचारा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काहीच ठरवू नका, जागरणाने डोकं चालत नसतं. दुपारनंतर एखादा मामा तलाव बघा. मामा म्हणजे माजी मालगुजारी. हे तलाव गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधत नेले. पाळीवर उभं राहून खालची धानाची बांधी बघितली की पाणी कसं सोडतात ते कळतं. तिसरा दिवस नागभीडच्या विणकरांचा, आणि तिथूनच परतीचा.

गाडी भाड्याने घेणार असाल तर ड्रायव्हर याच तालुक्यातला हवा. नागपूरचा ड्रायव्हर रात्री दोनला गाडीत झोपतो. इथला तुमच्या आधी पहिल्या रांगेत जाऊन बसतो आणि परतीच्या वाटेवर पुढच्या आठवड्यातल्या प्रयोगांची यादी देतो. लालपरीनेही फिरता येतं, पण नाटकानंतरची पहिली बस किती वाजता आहे ते आदल्या दिवशी कंडक्टरला विचारून ठेवा.

घरी न्यायला चारोळी, मोहाचे लाडू, भंडाऱ्याचा चिन्नोर तांदूळ. वाटेत भिवापूर लागलं तर मिरची, समुद्रपूरकडून आलात तर वायगावची हळद. मिरची आणि हळद भुकटी न घेता अख्खीच घ्या आणि घरी दळा, म्हणजे भेसळीची शंका राहत नाही. तांदूळ नवा असेल तर भात चिकट होतो. दुकानदाराला जुना मागा, दोन-चार रुपये जास्त गेले तरी चालतील.